पाउलिना लुक्यानोवाची सही

व्होल्गाकाठच्या एंगेल्स शहरातल्या दप्तरखान्यात ओटिलिया वाइमरचा तो चौथा दिवस होता, आणि चार दिवसांत ती एका जागी अर्धा तासही धड बसली नव्हती. कारागांदाहून दोन दिवस दोन रात्री गाडीत बसून आलेली एकोणसाठ वर्षांची बाई. पण मधेच उठायची, खिडकीशी जायची, परत येऊन पान उलटायची. तिथल्या कारकून रिम्मा इग्नात्येवनाने तिला दोनदा हटकलंही, की बाई, तुमच्या खुर्चीच्या आवाजाने बाकीच्यांची डोकी उठली.

काम तसं सोपं होतं. थोरला भाऊ रायनहोल्ड आता सगळ्या कुटुंबाला घेऊन जर्मनीला निघायचं म्हणत होता, आणि वडील गॉटलीब वाइमर यांचा जन्माचा दाखला, एक्केचाळीसच्या युद्धात व्होल्गाकाठच्या जर्मनांना पूर्वेला हलवलं त्या धावपळीत, कुठे गेला ते देव जाणे. दाखल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. शिवाय रायनहोल्डला वंशावळ हवी होती: जर्मनीतल्या हेसेनमधलं कोणतं गाव सोडून कोणता वाइमर व्होल्गाकाठी आला, तिथपासून.

गुरुवारी वडिलांच्या वाइडेनफेल्ड गावच्या चर्चची जन्मनोंदींची वही हाती आली. शाई फिकी, अक्षर टोकदार. पण सापडलं सगळं. गॉटलीब, जन्म १९०६. त्याखाली चार वर्षांनी एक मुलगी, पाउलिना.

ओटिलियाचं बोट तिथेच थांबलं. वडिलांना बहीण होती एवढं तिला अंधुक ठाऊक होतं. घरात ते नाव कुणी काढत नसे. लहानपणी तिने एकदा विचारलं तेव्हा वडील ताटावरून उठून गेले होते.

वही परत करताना नियमाप्रमाणे मागच्या कागदावर सही करायची होती. कोणी, कधी, कशासाठी वही पाहिली याची ती नोंद. कागदावर आधीच्या पाच सह्या होत्या आणि पाचही एकाच हाताच्या, कापऱ्या: पाउलिना लुक्यानोवा. १९८९पासून दर वसंतात एक. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘भावाचा शोध’. शेवटच्या ओळीत तर नियम धाब्यावर बसवून घराचा पत्ताच लिहिला होता.

रिम्माने चष्म्यावरून पाहिलं. ही म्हातारी वही उघडतसुद्धा नाही, रिम्मा म्हणाली. फक्त हा कागद बघते, आणखी कुणाची सही आली का म्हणून.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्री होती. हवी ती नक्कल मिळाली होती. ओटिलिया आधी बाजारात गेली, लागत नसलेले मोजे घेतले, नदीवर गेली, पुलापासून परत फिरली, पुन्हा गेली. वडिलांनी ज्या माणसाचं नाव टाकलं त्याच्या दारात आपण कशाला जायचं? पण पाय त्याच गल्लीकडे वळत होते.

दार उघडणाऱ्या म्हातारीचं कपाळ थेट वडिलांचं होतं.

“मी गॉटलीबची ओटिलिया,” ती म्हणाली.

पाउलिनाने दाराची चौकट धरली. “तो आहे?”

“बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली, आत्या.”

म्हातारीने तिला आत घेतलं, चहा टाकला, तो कपात ओतायला विसरली. मग खाली मान घालून विचारलं, की माझ्याबद्दल तो काही बोलायचा का. ओटिलियाला खोटं बोलता आलं असतं. तिने सांगितलं, की तुमचं नाव घरात घेत नसत.

“बरोबरच होतं त्याचं,” पाउलिना म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. सगळ्या जर्मनांना हलवायचा हुकूम आला तेव्हा नवरा रशियन म्हणून पाउलिनाला राहू दिलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी गॉटलीब तिच्याकडे आला. त्याची धाकटी मुलगी, आठ महिन्यांची लिंडा, त्याच्या खांद्यावर होती. म्हणाला, ही वाटेत टिकायची नाही, ही तुझीच म्हणून ठेव.

“मी नाही म्हटलं. शेजारी वर कळवतील, आम्हालाही गाडीत घालतील, अशी भीती वाटली. त्याने पोरीला शालीत गुंडाळलं आणि गेला.”

ओटिलिया तेव्हा सात वर्षांची होती. तिला एवढंच आठवत होतं, की गाडीत आईच्या मांडीवरचं रडणं तिसऱ्या दिवशी थांबलं आणि कुठल्याशा थांब्यावर एका शिपायाने शालीतलं ते गाठोडं खाली घेतलं.

ती उठली. पर्स घेतली, जिना उतरली, रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. राग होता की रडू, तिलाच कळेना. कोपऱ्यावरच्या बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. मग तिच्या ध्यानात आलं की लिंडा जन्मली होती याचा जगात एकही कागद नाही. त्या वर्षीची गावची नोंदवही कुठेच मिळत नव्हती. आई गेली, वडील गेले. आता ठाऊक असणारी माणसं तीन: ती, रायनहोल्ड आणि ही आत्या.

ती परत जिना चढली.

“लिंडाचा जन्म कधीचा?” तिने दारातच विचारलं.

“चौदा जानेवारी, पहाटे. मीच होते सुइणीजवळ.”

“मग लिहून द्या. सहीनिशी.”

म्हातारी तासभर लिहीत होती. ओटिलिया तेवढा वेळ खोलीत येरझारा घालत राहिली, पण गेली नाही.

रात्रीच्या गाडीआधी तिने तारघरातून कारागांदाला फोन लावला. रायनहोल्डने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मला काय सांगतेस. त्या संध्याकाळी मी तिच्या ओट्यावरच उभा होतो, बारा वर्षांचा.” आणि वंशावळीत पाउलिनाचं नाव घालायचं नाही, असं बजावून फोन ठेवला.

ओटिलियाने दोन्ही नावं घातली. लिंडाचं आणि पाउलिनाचं. रायनहोल्ड महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही, पण त्याने ती खोडलीही नाहीत.

पुढच्या शरदात सगळे निघाले. मॉस्कोची गाडी एंगेल्ससमोर, नदीपलीकडच्या सारातोव्हला पंचवीस मिनिटं थांबते. ओटिलियाने आत्याला पत्राने कळवलं होतं. भावाला सांगायचं धाडस तिला गाडी पूल ओलांडून फलाटाला लागेपर्यंत झालं नाही. तो संतापला. मी डब्यातून हलणार नाही म्हणाला, आणि दहा मिनिटं बॅगा या फळीवरून त्या फळीवर ठेवत राहिला.

पाउलिना गर्दीत काठी टेकून प्रत्येक खिडकीत डोकावत चालली होती. कुणीतरी तिला धक्का दिला, ती कोलमडली. रायनहोल्ड कधी उतरला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याने तिचा दंड धरला, बाकावर बसवलं, आणि शेजारी उभा राहिला. बसला मात्र नाही.

ती त्याच्याकडे मान वर करून बघत होती. माफी तिने मागितली नाही. त्यानेही दिली नाही. तो म्हणाला, “बाबांना गुडघेदुखी होती शेवटी. तुमच्यासारखीच.”

“आमच्या आईलाही होती,” ती म्हणाली.

आणि मग ती त्याला आपल्या आईबद्दल सांगत राहिली, घाईघाईने, मधलं गाळत, शिटी होईपर्यंत.