तिसऱ्यांदा उतरलेली बॅटरी

पुंजारामने मीटरचे चिमटे बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि रामकिसनला गाडी चालू करायला सांगितली. रामकिसनने किल्ली फिरवली. सेल्फ एकदा कण्हला आणि गप्प झाला.

"परत उतरली," रामकिसन म्हणाला.

"दिसतंय मला. तुम्ही बोलू नका, नुसतं बसा."

दसरा तोंडावर आला होता आणि जीपची ही तिसरी खेप होती. चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी, जालना रोडला लागून पुंजारामचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. एसटीच्या डेपोत गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घालण्यात त्याची उभी नोकरी गेली. निवृत्तीनंतर घरात करमेना आणि बायकोलाही तो घरात सोसेना, म्हणून त्याने हे शटर भाड्याने घेतलं. त्याची जीभ तिखट आहे पण हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. त्यातलं दुसरं तेवढं त्याच्या कानावर पडे. आपल्या दुकानात आलेली गाडी धक्का मारत परत जात नाही, ही त्याची बढाई होती. बढाई असली तरी ती खरी होती, आणि म्हणूनच या जीपने त्याची झोप उडवली होती.

पहिल्या खेपेला पट्टा ढिला निघाला. इंजिन फिरे, पण पट्टा घसरून अल्टरनेटर पुरता फिरत नसे, मग बॅटरी भरणार कुठून? पुंजारामने पट्टा ताणून बसवला, दिवे लावून बघितले, मीटर चौदा व्होल्टच्या वर गेलं. दोन दिवसांनी जीप पुन्हा दारात. त्या वेळी इंजिनापासून सांगाड्याला जाणाऱ्या अर्थिंगच्या जाड तारेचा नट सैल होता. तोही कसून बसवला. रोज नवं दुखणं काढणाऱ्या म्हाताऱ्यांची पुंजारामला चीड होती, आणि या जीपने तर त्यांनाही मागे टाकलं होतं.

रामकिसन त्याच डेपोचा ड्रायव्हर, त्याच्याहून थोडा मोठा. सबंध नोकरीत गाडीला एक ओरखडा नाही म्हणून त्याला महामंडळाचा बिल्ला मिळालेला. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो मुकुंदवाडीतल्या आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना या जीपमध्ये घालून नागपूरला दीक्षाभूमीवर नेई. नोकरीत असताना त्यासाठी रजा राखून ठेवी. दुपारी निघायचं, रात्री पोचायचं. डिझेलची गाडी धक्क्यावर चालू झाली असती, पण रात्रीच्या दिव्यांना करंट लागतो. चार्जिंग नसेल तर नागपूर नाही, इतकं ते सरळ होतं. गल्लीतल्या बायकांची लुगडी धुऊन घड्या घालून तयार होती.

जीप दुकानात यायची तीही धक्क्यावरच. गल्लीतली माणसं ती ढकलून चालू करून देत आणि रामकिसन आतल्या रस्त्याने सावकाश आणी. शेजारी नात विशाखा बसलेली असे. ती कंपनीत नोकरीला होती आणि जीपपायी तिचे अर्धे अर्धे दिवस चालले होते.

या वेळी पुंजारामने दुकानातली भरलेली बॅटरी जोडली आणि स्वतः किल्ली अर्धी फिरवून बघितली. चार्जिंगचा लाल दिवा आधी लागायला हवा आणि गाडी चालू झाल्यावर विझायला हवा. तो लागलाच नाही. दिवा काढून तपासला, तो चांगला होता. म्हणजे दिव्याकडून अल्टरनेटरकडे जाणारी बारीक तार कुठेतरी सुटली होती. बॅटरीवर तोंडसुख घेत तो बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकला, अल्टरनेटरच्या पाठीमागे हात घातला आणि तसाच थांबला.

तार तुटलेली नव्हती. ती काढून ठेवलेली होती. एवढंच नव्हे, तिचं उघडं टोक कुठे लोखंडाला लागून ठिणगी उडू नये म्हणून त्याला काळी टेप गुंडाळली होती आणि ती बाजूला नीट खोचून ठेवली होती. पुंजारामला आता पट्ट्याचा आणि अर्थिंगचाही नट आठवला. त्यांच्यावर पकडीचा साधा ओरखडा नव्हता. कुणीतरी बरोबर मापाचा पाना लावून ते ढिले केले होते. गाडी बंद पडावी पण तिला इजा होऊ नये, असं हे काम होतं.

त्याचा पहिला संशय विशाखावर गेला. जुन्या गाडीला कंटाळलेलं घर त्याने पुष्कळ पाहिलं होतं. घरातल्यांना गाडी भंगारात घालायची असते आणि म्हाताऱ्याला सांगायची हिंमत नसते. त्याने तिला टायरांच्या चळतीमागे बोलावून आडून आडून विचारलं. ती काय ते लगेच समजली आणि तिचा चेहरा उतरला. गाडी विकायचीच असती तर पगार कापून घेऊन मी इथं कशाला बसले असते, असं तिने विचारलं. तिला त्याने कामावर जायला सांगितलं आणि ती गेल्यावर पुन्हा बॉनेटमध्ये वाकला.

टॉर्चच्या उजेडात त्याने टेप नीट पाहिली. तिचं टोक आतल्या बाजूला किंचित दुमडलेलं होतं, पुढे कधी सोडवायची झाली तर नखाने उचलता यावं म्हणून. डेपोत अशी टेप गुंडाळणारा ड्रायव्हर एकच होता, आणि त्याला ती पुंजारामनेच शिकवली होती.

त्याने मान वर केली. रामकिसन दाराजवळच्या बाकड्यावर जीपकडे पाठ करून बसला होता. चहाचा ग्लास केव्हाच रिकामा झाला होता, तरी तो त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

पुंजारामने टेप सोडवली, तार जागेवर लावली, गाडी चालू केली. लाल दिवा लागला आणि विझला. मीटर चौदाच्या वर जाऊन थांबलं. जीपला काहीही झालेलं नव्हतं.

"चला भाऊ, विमानतळापर्यंत एक चक्कर मारू. तुम्ही चालवा, मी मीटर बघतो."

"तूच घे की चालवायला."

"मीटर कोण बघणार मग?"

रामकिसन उठला. स्टिअरिंगवर बसताना त्याने सवयीने शर्टाची बाही सारखी केली. दुकानापासून मोठ्या रस्त्यापर्यंत शंभर पावलांचा कच्चा तुकडा होता. तेवढा तो दुसऱ्या गिअरवर आला आणि जालना रोडच्या तोंडाशी थांबला. डावीकडे मान वळवून बघितलं, उजवीकडे बघितलं, परत पार खांद्यामागेपर्यंत वळून डावीकडे बघितलं. रस्ता मोकळा झाला, भरला, पुन्हा मोकळा झाला. मागून एका टेम्पोने हॉर्नचा धोशा लावला. ज्या माणसाने एसटीची भरलेली गाडी आठवडी बाजारातून एका हाताने काढली होती, त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता. पुंजारामला ते बघवेना. त्याने हात लांब करून किल्ली बंद केली आणि खाली उतरून टेम्पोवाल्याला बाजूने जायची खूण केली.

तो परत येऊन बसला तेव्हा रामकिसन समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागला.

"आषाढात पैठणहून येत व्हतो. डाव्या अंगानं एक बाई आली. डोक्यावर गवताचा भारा. मला दिसलीच नाय, पुंजा. ती वरडली म्हणून ब्रेक मारला. भारा बॉनेटवर पडला तिचा."

"लागलं तिला?"

"नाय. उलट तीच मला पाणी पाजत बसली."

"डॉक्टरला दावलं का?"

"दावलं गुपचूप. मोतीबिंदू असता तर कापला असता. ह्यो काचबिंदू. गेलेली नजर येत नाय म्हणतेत, औषध घाला, हाय ती राहील. समोरचं समदं दिसतं. डाव्या अंगाला मात्र नुसतं धुकं हाय."

"मग सांगून टाका ना घरी."

"विहारात बसल्यागत डोळे मिटून बसतेत त्या बाया माझ्या गाडीत," रामकिसन म्हणाला. "त्यांना काय सांगू? गाडीचं नाव पुढं केलं. गाडीला काय, तिला कुठं लाज हाय."

पुंजारामला त्याचा रागही आला आणि दयाही आली. त्याने स्वतः स्टिअरिंगवर बसून जीप मागे घेतली, ती दुकानाच्या अगदी आत नेऊन लावली आणि पाना घेऊन अल्टरनेटर सोडवायला बसला. धडधाकट अल्टरनेटर त्याने बाकावर आणून उघडला आणि त्याचे सुटे भाग एका परातीत मांडून ठेवले. रामकिसन बघत राहिला. त्याने एकदा तोंड उघडलं, पण पुंजारामने त्याच्याकडे असं काही बघितलं की ते पुन्हा मिटलं.

संध्याकाळी विशाखा आली. पुंजारामने परातीकडे बोट केलं. आतली गुंडाळी जळाली आहे, या जुन्या गाडीचा माल आता बाजारात येत नाही, असं तो घसा साफ करत करत म्हणाला. माल मिळत नाही म्हणणाऱ्या मिस्त्रींची तो आजवर टिंगल करत आला होता.

"म्हणजे दसऱ्यापर्यंत नाही होणार?"

"माझ्याच्यानं नाय होणार, पोरी."

हे वाक्य त्याने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. विशाखा म्हणाली की मग मी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेते. खोललेलं काम दुसरा हातात घेत नाही, असं त्याने सांगितलं. मग खोललं कशाला, हा तिचा प्रश्न रास्त होता. ती आजोबांचा हात धरून निघून गेली.

चिकलठाण्यात अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुंजारामला एक जीप झाली नाही, उलट खोलून वाट लावली, असं चहाच्या टपरीवर बोललं जाऊ लागलं. नेहमीच्या एका टेम्पोवाल्याने त्याच्या दारावरून जाऊन पुढच्या मिस्त्रीकडे गाडी लावली. पुंजाराम परातीवर फडकं झाकून बसून राहिला. चूक आपण केली की बरोबर, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं, पण टपरीवरचा प्रत्येक शब्द त्याला लागत होता.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी भाड्याची गाडी दुकानासमोर थांबली. जीपमध्ये राहिलेल्या सतरंज्या आणि पाण्याची टाकी घ्यायला विशाखा उतरली. पुंजारामकडे न बघता ती सरळ जीपकडे गेली. आत पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका दाटीने बसल्या होत्या. पहिल्या बाकावर खिडकीशी रामकिसनची बायको पारूबाई होती, तिच्या मागे शेजारीण द्वारकाबाई. रामकिसन पुढे, परक्या ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर हात ठेवून बसला होता.

"पुंजाभाऊ, लई नाव ऐकून व्हते तुमचं," द्वारकाबाई खिडकीतून म्हणाली. "एक जीप नाय झाली तुमच्याच्यानं? म्हाताऱ्या माणसाची गाडी खोलून ठेवली. बसले बघा कसे, परक्याच्या गाडीत."

टपरीवरची दोघं-तिघं हसली. पुंजारामच्या जिभेवर उत्तर आलं होतं, असल्या उत्तरांची त्याला कधी वाण पडली नाही. त्याने ते गिळलं.

"नाय झाली, बाई," तो खाली मान घालून म्हणाला.

पुढचं दार उघडलं. रामकिसन खाली उतरला आणि एक हात गाडीवर ठेवत ठेवत बायकांच्या खिडकीपर्यंत आला.

"जीपला कायबी झालं नाय," तो म्हणाला. "पुंजानं तीनदा बरी केली. मी घरी नेऊन परत बिघडवत व्हतो. मला डाव्या अंगाचं दिसत नाय आता. तुमच्यापुढं म्हणवंना, म्हणून त्यानं आपल्या नावावर घेतलं."

द्वारकाबाईने पदर तोंडाला लावला. विशाखा सतरंज्या छातीशी धरून जीपजवळ उभीच राहिली.

"ठावं हाय," पारूबाई म्हणाली. "पैठणहून आलात तवापासून. ताटात डावीकडं ठेचा वाढला की चाचपता तुम्ही. म्हणलं, सांगतील कधीतरी आपल्या तोंडानं."

ती खिडकीची जागा सोडून खाली उतरली आणि त्याचा हात धरून त्याला आधी आत चढवलं.

"सरका तिकडं उजवीकडं. डाव्या अंगाला मी बसते."