नळीवरचा गंडा

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बोटीच्या इंजिनमधून मेलेला माणूस श्वास सोडतो, हे बघायला झाडून सगळे आले होते, शिकलेसवरलेलेसुद्धा. महाराजांनी शालीआड हात फिरवला आणि इंजिनच्या डिझेल फिल्टरच्या डोक्यावर फसफस फेस आला.

"बघ बाई, तुझा धनी! साता समुद्रांचं पाणी प्यायला, पण जीव इथंच घुटमळतोय!"

फेस थांबला, इंजिन धडधडलं, लोकांनी हात जोडले. बोटवाली तोंडाला पदर लावून रडली. वर्षापूर्वी खडकांपाशी हेच इंजिन बंद पडलं होतं. बोट सापडली, नवरा सापडला नाही. तेव्हापासून पंधरा दिवसांआड इंजिन रुसायचं आणि महाराज नवऱ्याची भेट घडवायचे. खरं सांगायचं तर इंजिन कायमचं नीट व्हावं असं तिला वाटतच नव्हतं.

पण आता मुलगी बोट समुद्रात नेणार होती. म्हणून आई बोटमालकांसाठीच्या इंजिनाच्या वर्गात जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी पान्याने फिल्टरचा स्क्रू ढिला केला. तस्साच फेस!

"बाई, हा कोणाचा जीव?" ती उभी राहून म्हणाली.

वर्ग खो-खो हसला. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. "कोणाचा नाही. हवा आहे. नळीला चीर गेली की डिझेलबरोबर हवा खेचली जाते. ती काढली की इंजिन चालतं, पण नळी बदलेपर्यंत पुन्हा बंद पडणारच. तुम्ही नळी बघितलीत?"

"तिला हात लावायचा नाही. महाराजांचा गंडा बांधलाय."

"कधी?"

"ह्यांनीच बांधून घेतला, इंजिन अडखळायला लागलं तेव्हा. त्यानंतर आठ दिवसांनी खडकांपाशी..."

आपलंच उत्तर तिने ऐकलं आणि वर्ग सुटताच जाऊन नवी नळी विकत घेतली.

पुढच्या खेपेला महाराज आले तेव्हा ती आधीच इंजिनपाशी होती. सगळ्यांदेखत तिने कात्रीने गंडा कापला. खाली बोटभर चीर, डिझेलने ओली.

"बांधताना ही दिसली नव्हती?"

"पाप लागेल तुला! धन्याचा आत्मा..."

"धनी माझा तुम्ही मारलात," ती म्हणाली, "आणि वर्षभर मी तुमचेच पाय धरले."

तिने त्यांची शाल ओढली. दहा नंबरचा पाना खणकन पडला. तोच उचलून तिने नवी नळी बसवली आणि स्क्रू ढिला करून स्वतः हवा काढली. फसफस झाली तेव्हा तिने मान फिरवली नाही.

अर्धे लोक तरीही महाराजांच्या मागे गेले. "गंडा होता म्हणून निदान बोट तरी वाचली," असं एक शहाणा म्हणालाच.

मुलगी आता रोज समुद्रात जाते. इंजिन एकदाही बंद पडलेलं नाही. नवऱ्याची ती खोटी भेटही संपली, आणि ती बोटवालीला अजून आठवते, रडूही येतं. तरी दर आठवड्याला ती नळीवरून हाताचं बोट फिरवते. नव्या बोटमालकांना ती एवढंच सांगते, "इथं हात लावू नका असं कोणी म्हणालं, की आधी तिथंच हात लावा. मी लावला नाही."