स्थळप्रत

"आईचं पत्र लागेल," सल्लागारबाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली. आई म्हणजे फाइलीत लावायचा राहून गेलेला आणखी एक दाखला, असा त्यांचा सूर होता.

मायलेकी काचेच्या टेबलाच्या अलीकडे बसल्या होत्या. भिंतीवर परदेशी विद्यापीठांचे फोटो होते आणि त्यांत हिरवळीवर पुस्तकं उघडून मुलं हसत होती. पुस्तकात एवढं हसण्यासारखं काय सापडलं होतं, देव जाणे. मुलीचा पहिला अर्ज फेटाळला जाऊन तीन आठवडे झाले होते. कारण एका ओळीत दिलेलं होतं: शिक्षण संपल्यावर अर्जदार आपल्या देशात परत जाईल याची खात्री पटत नाही. आता हा दुसरा अर्ज. महिनाअखेरीस व्हिसा हातात पडला नाही तर विद्यापीठातली जागा जाणार होती, आणि दोनदा नकार मिळालेल्या पोरीला तिसऱ्यांदा कोण दारात उभं करतं?

"पण मॅडम, शिकून झाल्यावर तिथे तीन वर्षं नोकरी करता येते ना? त्यांच्याच वेबसाइटवर आहे," मुलगी म्हणाली.

"येते की. आणि सगळे त्यासाठीच जातात. ते त्यांना माहीत, मलाही माहीत. पण मुलाखतीत कुणी 'मी राहायला येतेय' असं म्हणतं का? शिकणार, जमलं तर थोडा अनुभव घेणार, आणि परत येणार. का येणार? आईसाठी. तू गेल्यावर आई एकटीच ना?"

"हो."

"मग झालं तर. तेच लिहायचं." सल्लागारबाई आता आईकडे वळल्या. "नमुना देते, पण जसाच्या तसा उतरवू नका. तो वाचून वाचून त्यांना पाठ झालाय. तुमच्या भाषेत, तुमच्या हातानं लिहा. भाषांतर करून आम्ही जोडतो. पोटतिडकीनं लिहा हं. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, की ही बाई मुलीशिवाय..." पुढचं बोलणं बरं दिसेना, म्हणून वाक्य त्यांनी हातवाऱ्यानंच पुरं केलं.

"आईला त्यात काय अवघड आहे?" मुलगी म्हणाली. "एकोणतीस वर्षं पत्रंच तर पाठवतेय."

पाठवतेय हे खरं, पण लिहीत नव्हती. पाणीपुरवठा कार्यालयात बाहेर जाणारं प्रत्येक पत्र तिच्या टेबलावरून जायचं. साहेबांची सही झाली की कागद तिच्याकडे यायचा. मग त्यावर क्रमांक, तारीख, वहीत नोंद, तीन घड्या, पाकीट, शिक्का. आणि त्या पत्राची एक प्रत जागेवरच ठेवून घ्यायची, ती स्थळप्रत. उद्या कुणी येऊन विचारलं की आमच्या पत्राचं काय झालं, तर पत्र नसलं तरी ती प्रत दाखवता येते. आलेली पत्रं बघायला दुसरा माणूस होता. हिच्या वाट्याला फक्त जाणारी आली, म्हणून सगळं कार्यालय तिला जावकबाई म्हणायचं. लाखभर पत्रं तिच्या हातून बाहेर पडली असतील. त्यांतलं एकही तिचं स्वतःचं नव्हतं.

बाई तशी खंबीर, असं लोक म्हणत. नवरा गेला तेव्हा ती आठव्या दिवशी कामावर आली आणि तुंबलेली सगळी पत्रं तिनं त्याच दिवशी मार्गी लावली. खंबीर वगैरे काही नव्हतं. आत काहीतरी बंद पडलं होतं, आणि कार्यालयातला बंद पडलेला पंखा जसा वर्षानुवर्षं कुणी खाली उतरवत नाही, तसं तिनंही ते राहू दिलं होतं. व्हिसा नाकारला तेव्हा मुलगी दोन दिवस जेवली नाही. आई दोन्ही दिवस जेवली. तिला वाईट वाटलं नाही आणि बरंही वाटलं नाही, याचंच तिला थोडं नवल वाटलं.

पत्र तिनं कार्यालयातच लिहायला घेतलं. दुपारी पत्रं कमी असतात. तिनं कागद घेतला, खाली कार्बन आणि आणखी एक कागद घातला, टाचणी लावली आणि सुरुवात केली.

'विषय: कन्येच्या परतीबाबत. संदर्भ: आपले नकारपत्र. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, सदर कन्या शिक्षण पूर्ण होताच विनाविलंब परत करण्यात येईल.'

मागून हेडक्लार्कनं डोकावून पाहिलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते आणि त्याचा सराव म्हणून आतापासूनच सगळ्यांच्या टेबलांभोवती हिंडत होते.

"जावकबाई, पोरगी आहे की भाड्यानं आणलेला पंप?" ते म्हणाले. "म्हणे परत करण्यात येईल!"

सगळा विभाग हसला. तीही हसली.

"मग कसं लिहू, अण्णा?"

"जसं आहे तसं लिहा की. तुमचं तुम्हाला माहीत, आम्ही काय सांगणार?" आणि अण्णा चहाला गेले.

तिनं तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. कार्बन आधीचाच ठेवला, त्याखाली नवा कोरा कागद घातला. जसं आहे तसं म्हणजे कसं, याचा तिनं थोडा वेळ विचार केला. मग विषय आणि संदर्भ सोडून देऊन ती लिहायला लागली, आणि एकदा लागल्यावर मध्ये थांबली नाही.

'साहेब, माझी मुलगी परत आली पाहिजे. माझा गुडघा दुखतो हे कारण नाही, गुडघ्याचं मी बघते. दवाखान्यात डॉक्टर बोलायला लागले की मी डॉक्टरांकडे बघत नाही, हिच्या तोंडाकडे बघते. तिचा चेहरा बरा असला की मला बरं वाटतं. संध्याकाळी ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढते. तो आवाज आला की मी गॅस पेटवते. आवाज आला नाही तर गॅस केव्हा पेटवायचा ते मला ठाऊक नाही. तिनं मला विचारलं, आई, मी जाऊ का? मी लगेच जा म्हटलं. थोडी थांबले असते तर म्हणता आलं नसतं. परत ये, असं मी तिला म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. तिला शिकू द्या आणि परत पाठवा. ठेवून घेऊ नका.'

खाली तिनं सही केली. मग दुसऱ्या कुणाचं पत्र तपासावं तसं ते वाचून काढलं. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. सवयीनं क्रमांक टाकायला पेन उचललं आणि ठेवून दिलं, कारण हे पत्र कार्यालयाच्या वहीत कसं चढवणार? कार्बनची प्रत तिनं वेगळी केली, वरच्या कोपऱ्यात 'स्थळप्रत' असं लिहिलं, आणि घरी गेल्यावर कपाटाच्या खणात कागदपत्रांखाली सारून दिली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिनं पत्र नेऊन दिलं. मुलगी तेव्हा प्रयोगशाळेत होती. ती अन्नाचे नमुने तपासायचं काम करी आणि त्यातलंच पुढचं शिकायला तिला जायचं होतं. सल्लागारबाईंनी उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली आणि मध्येच त्या खुर्चीत बसल्या. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कमाल केलीत हो तुम्ही! आठ वर्षं हे काम करतेय, पण इतकं खरं वाटणारं पत्र बघितलं नाही. आणि हे 'ठेवून घेऊ नका'! सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचलं," ती म्हणाली.

"दुसऱ्या मुलांच्या आयांना दाखवू का? नमुना म्हणून? नाव झाकून हं."

"दाखवा की."

तिला उशीर होत होता. हजेरीचं मस्टर उचलायच्या आत पोचायला हवं होतं, म्हणून ती निघाली.

मुलाखतीच्या दिवशी मुलगी घरी आली ती चपला न काढताच सांगत सुटली. "अगं आई, खिडकीमागच्या बाईनं विचारलंच! शिकून झालं की परत कशासाठी येशील? मी म्हटलं, आईसाठी. आणि मला रडूच आलं गं! म्हणजे खरंखुरं, धो धो. कुठून आलं काय माहीत. त्या बाईनं टिश्यूचा डबा पुढे सरकवला, आता बोल!"

"बरं झालं. कामाला आलं," आई म्हणाली. "चपला काढ आधी."

बाराव्या दिवशी व्हिसा आला. मुलीनं आईचे दोन्ही हात धरून तिला स्वयंपाकघरात गोल फिरवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पासपोर्ट कुठे ठेवलास? ओट्यावर पाणी आहे." शेजारणी येऊन पोरीनं नशीब काढलं म्हणून गेल्या. अण्णांनी विचारलं, आता पुढे काय? तिनं सांगितलं की दोन वर्षं शिक्षण, मग तीन वर्षं तिथेच नोकरी, मग पुढचं पुढे. हे सगळं तिनं अगदी न अडखळता सांगितलं. अण्णा म्हणाले, "मग पत्रात लिहिलेलं सगळं वाऱ्यावर!" आणि हसले. तीही हसली. आपल्याला आता काहीतरी वाटायला लागेल, म्हणून ती वाट बघत होती. वाटत काहीच नव्हतं.

निघायच्या आदल्या दुपारी सामान भरणं चाललं होतं. मुलीचं लाडाचं नाव खारू. लहानपणी खोडरबरं आणि पेन्सिलींचे तुकडे घरभर खारीसारखे दडवून ठेवायची, त्यावरून पडलेलं. आता तिनं बॅगेत इतकं दडवलं होतं की बॅगेचं तोंड मिटेना. आई जमिनीवर बसून मोज्यांच्या गुंडाळ्या बुटांत कोंबत होती. खारू शाळेचा दाखला शोधायला कपाटाशी गेली आणि तिथून तिचा आवाज येईना.

"आई."

"हं."

"हे तू लिहिलंस?"

आईनं वर पाहिलं. खारूच्या हातात निळ्या अक्षरांचा पातळ कागद होता.

"मॅडमना द्यायला लिहिलेलं ना ते? हो."

"मी वाचलंच नव्हतं गं. मॅडम फोनवर म्हणाल्या, झकास झालंय, अर्जाला जोडलंय, म्हणून मी बघायलाही मागितलं नाही." तिनं कागद पुन्हा वाचला. या वेळी सावकाश. "आई, हे खरं आहे?"

हो म्हटलं असतं तर मुलगी थांबली नसती. तिकीट उद्याचं होतं, ती गेलीच असती. पण जाताना तो हो बरोबर घेऊन गेली असती. पाच वर्षांनी चांगली नोकरी हाती असताना, परक्या गावातल्या एखाद्या खोलीत, तिनं तो बाहेर काढून पाहिला असता आणि मग तिला ना तिथे सुख लागलं असतं, ना इथे. आईला हे सगळं एकदम कळलं, आणि त्याबरोबर असं काही दुखलं की तिनं हातातला बूट खाली ठेवला. इतक्या दिवसांनी वाटायचं ते आत्ताच वाटायचं होतं.

"छे गं," ती म्हणाली. "कामापुरतं लिहिलं. त्या मॅडमच म्हणाल्या नव्हत्या का, पोटतिडकीनं लिहा म्हणून?"

खारू तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आईनं चेहरा तसाच ठेवला. तक्रारी घेऊन आलेली माणसं एकोणतीस वर्षं टेबलापुढे उभी राहिली होती, त्यांच्यासमोर धरायचा तो चेहरा तिच्याकडे तयार होता. हळूहळू मुलीच्या कपाळावरची आठी गेली.

"मी घाबरलेच ना! म्हटलं, खरंच की काय!" ती हसली. "मालिका लिहायला हवी होतीस तू. याचं काय करू? बरोबर नेऊ, गंमत म्हणून?"

"नको. स्थळप्रत आहे ती, इथेच राहते. होती तिथे ठेव."

खारूनं कागद खणात टाकला आणि ती बॅगेशी येऊन बसली. झाकण दाबलं, गुडघा ठेवला, चेन ओढली. चेन अर्ध्यात अडकली.

"आई, जरा वर बस ना."

आई उठली आणि बॅगेवर बसली.

"अगं, अंग चोरून काय बसतेस? पाय उचल जमिनीवरून. सगळं वजन टाक."

तिनं पाय उचलले आणि सगळं वजन टाकलं. खारू गुडघ्यांवर रांगत बॅगेभोवती फिरली, एका हातानं कड दाबत आणि दुसऱ्या हातानं चेन ओढत. "आली, आली... हलू नकोस हं... झालं!" ती कपाळ पुसत उभी राहिली. "ऊठ आता."

आई बसूनच राहिली.

"ऊठ ना, आई. लागली चेन."

"उठते," ती म्हणाली, पण पाय तिनं खाली टेकले नाहीत.