नानांच्या पायाची पट्टी

सासऱ्याच्या पायाची पट्टी सोडताना साधना रोज तोंड फिरवायची. साखरेच्या आजाराने खंडेरावांचा, म्हणजे नानांचा, अंगठा पार पोखरला होता. चिकट पू, फुगलेली पांढुरकी कातडी आणि उंदीर मेल्यासारखा तो वास! सून म्हणून करायचं ते ती करत होती, पण नाक दाबून. किळस येते तर येते, सोंग तरी किती आणायचं माणसाने?

पंचवटीतल्या तृप्ती डॉक्टरांनी एक जेल दिलं होतं. "पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात," त्यांनी समजावलं होतं. "जेलमधला निरोप त्यांनी पकडला, की पेशी वाढायला लागतात आणि जखम भरते. पण दुसरं काही लावू नका. पेशीच मेल्या, तर निरोप घेणार कोण?"

दीड महिना झाला तरी जखम भरायचं नाव घेईना. उलट कडेने काळी पडली. सोमवारी डॉक्टर स्पष्टच बोलल्या, "आठ दिवसांत फरक पडला नाही, तर पाय कापावा लागेल." वर साधनाकडे असं पाहिलं, जणू हिनेच अंगचोरपणा केला. साधनाचं डोकंच फिरलं. रोज घाणीत हात घालायचे आणि वर हे ऐकून घ्यायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जरा लवकरच ड्रेसिंगला बसली. पट्टी सोडली, तर जखमेवर निळसर लगदा, पुवात कालवलेला. चुना आणि मोरचूद. छाटणीनंतर नाना गुलाबाच्या कापलेल्या फांद्यांना लावायचे, ती बोर्डो पेस्ट!

"नाना, हे काय?"

"रोज रात्री लावतो. सकाळी तू यायच्या आत धुऊन टाकतो."

"अहो, फांदी आहे का ती? सगळ्या पेशी जाळल्यात तुम्ही! पाय जाईल ना!"

खंडेरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "जखम भरावी म्हणून नाय लावलं. त्यानं वास मरतो. तू रोज नाक दाबून बसतीस, पोरी. मला लय लाज वाटती."

साधना मोरीकडे धावली आणि भडभडून ओकली. स्वतःच्या तोंडाच्या वासाचीच तिला शिसारी आली. मग चूळ भरून ती परतली. नानांनी पाय ओढून घेतला होता. तिने तो धरून मांडीवर घेतला आणि ती लगदा धुवायला लागली. किळस तसूभरही कमी झाली नव्हती.

"वास येतोच नाना, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "मी ओकेन आणि परत येऊन बसेन. तुम्ही फक्त पाय ओढू नका."