खळ्याचा फोटो

वरळी कोळीवाड्याच्या बायका समुद्रालगतच्या ज्या जागेवर मासळी सुकवत, तिला सगळे खळं म्हणत. ते किती पिढ्यांचं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते एका सरकारी खात्याने, तेही नोटीस धाडून. त्यांच्या दफ्तरात ती जागा मोकळी होती आणि मोकळ्या जागेवर त्यांना गोदाम बांधायचं होतं. कोळ्यांचा हक्क असेल तर जागा वापरात असल्याचं सुनावणीत दाखवा, असं नोटिशीत लिहिलं होतं. आता हे काय दाखवायचं? हंगामात खळ्यावर पाय ठेवायला जागा नसायची.

मंजुळाचा सगळा जन्म त्या खळ्यावर गेला. नवरा वारला, मुलगी उरणला दिली, घरात बोलायला फक्त भिंती. दिवस उजाडताच ती खळ्यावर यायची ती खरं म्हणजे तुळसासाठी. तुळसा तिची चुलत जाऊ. मासळीच्या दोऱ्या बांधायच्या दोघींच्या काठ्या तीस वर्षं शेजारी शेजारी. बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या दोरीवर टाकताना दोघींची तोंडं हातांपेक्षा जलद चालत. खळं गेलं तर मासळीचं काहीतरी होईल, छपरावर सुकेल. पण तुळसाशी बोलायला रोजचं निमित्त कुठून आणायचं? ही धास्ती मंजुळाने कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर सगळ्याजणी हसल्या असत्या.

गावाचा पाटील धर्मा मोठा खटपट्या. त्याने गिरगावातल्या एका पेपरच्या कचेरीत चार खेपा घातल्या. गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं होतं आणि पेपरवाल्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. तरी मनमोहन नावाचा एक बातमीदार कबूल झाला. रविवारी सकाळी येतो, फोटोही काढतो म्हणाला.

हे कळताच मंजुळाने कंबर कसली. मागे ह्याच पेपरात आलं होतं, कोळीवाडा म्हणजे रोगराईचं आगर, गटारं तुंबलेली, डास मातलेले. धर्माने ते देवळापुढे वाचून दाखवलं तेव्हा बायका खाली मान घालून बसल्या होत्या. मंजुळाच्या ते जिव्हारी लागलं होतं.

"ह्या टायमाला नाक मुरडायला जागाच नाय ठेवायची," तिने फर्मान काढलं. "सगली मासली आत न्या. काठ्या उपटा."

"अगो, बोंबील अर्धे ओले हायेत," तुळसा म्हणाली. "आनि आपन मासली सुकवतो ह्येच त्याला दाखवायचं ना?"

"ते आपन तोंडानं सांगू, तो लिहील. फोटोत घान कशाला?"

तुळसाचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, पण मंजुळाच्या जिभेपुढे कुणाचं चालणार? शनिवारी संध्याकाळपर्यंत एकूण एक काठी निघाली. ओले बोंबील पलंगाखाली गेले, माळ्यावर गेले, एकीने तर पाळण्यात टाकले. खळं झाडलं, शेणाने सारवलं, कडेने रांगोळी घातली, चार कोपऱ्यांत उदबत्त्या लावल्या. रविवारी बायका ठेवणीतली लुगडी नेसून, होतं नव्हतं ते सोनं घालून, अंबाड्यावर गजरे माळून ओळीने उभ्या राहिल्या. लग्नातसुद्धा कोळीवाडा इतका नीट उभा राहत नाही.

मनमोहन भला माणूस. दोन तास बसला, सगळं ऐकलं, टिपून घेतलं. चार घरचा चहा मुकाट्याने प्याला. जाताना त्याने फोटो काढला.

त्याने लिहिलंही भरपूर होतं. पण नेमका त्याच दिवशी परळला गिरणी कामगारांचा मोठा मोर्चा निघाला आणि पान मोर्च्याच्या बातमीने भरलं. कोळ्यांच्या वाट्याला चार ओळी आल्या आणि फोटो. खाली छापलं होतं, 'वरळी कोळीवाड्यातील वादग्रस्त जागा.' तरी गावाने तो पेपर डोक्यावर घेतला. कोण कशी दिसते ह्यावर तीन दिवस चर्चा झाली. धर्माने तर कात्रण स्वतःच्या हाताने सुनावणीच्या कागदांना जोडलं. पेपरात आलं म्हणजे पुरावाच की.

सुनावणीला अधिकाऱ्याने ते कात्रण उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

"ह्यात मासळी कुठे आहे?"

धर्मा कात्रण बघायला पुढे वाकला.

"काठ्या नाहीत, दोऱ्या नाहीत. हा फोटो तुम्हीच जोडलाय ना?"

मंजुळा उठली. "सायेब, मीच काढाया लावलं सगलं. पेपरवाले येनार व्हते. पावना येनार म्हनून साफ केलं."

अधिकारी हसला नाही. "बाई, हे तुम्ही आता सांगताय. मी आज जागेवर येऊन तरी काय बघू? नोटीस आल्यावर काठ्या कुणीही रोवील. तुमच्याशी देणंघेणं नसलेला एखादा माणूस हे सांगेल का?"

त्याने पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. परतताना मंजुळाशी कुणी भांडलं नाही, आणि तेच तिला खुपलं.

दुसऱ्या दिवशी ती गिरगावात पेपरच्या कचेरीत गेली. तिथे कळलं, मनमोहन लालबागला असतो. ती लालबागला गेली. चाळींच्या तोंडाशी भरदुपारी संपावरचे बाप्ये रिकामे बसले होते. एवढे लोक, रोज पेपरात येतात, आणि ह्यांचंही काही भलं झालेलं दिसत नव्हतं. एका हॉटेलात मनमोहन सापडला. त्याने सगळं ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"फोटो मी काढला, मंजुळाबाई. मी येतो. जे खरं आहे ते सांगतो."

मंजुळाचा जीव भांड्यात पडला. तिने ते घरोघर जाऊन सांगितलं. तुळसा तर तिला म्हणाली, "तू हाईस म्हनून खलं ऱ्हाईल बघ." पंधरा दिवस मंजुळा त्या एका वाक्यावर जगली.

मनमोहन आला, अगदी वेळेवर.

"तुम्ही गेलात तेव्हा तिथे मासळी पाहिलीत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही. पण मला सांगण्यात आलं होतं की..."

"सांगण्यात आलेलं नको. काठ्या पाहिल्यात?"

"नाही."

"त्याआधी कधी गेला होतात?"

"नाही."

"निदान मासळीचा वास?"

मनमोहनने मंजुळाकडे पाहिलं. मंजुळा मनातल्या मनात त्याच्या पाया पडत होती. एक खोटा शब्द, बाबा, एकच.

"उदबत्तीचा होता," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. जागा मोकळी ठरली.

बाहेर व्हरांड्यात मनमोहन तिच्यापुढे येऊन उभा राहिला, त्याला काहीतरी बोलायचं होतं. तिला त्याचा रागही येईना. तो जे सांगायला आला होता तेच सांगून गेला होता. ती त्याला ओलांडून जिन्यावर तुळसाला गाठायला धावली.

"तुलसे, मना शिव्या तरी घाल."

"कशाला गो?" तुळसा थांबली नाही. "त्यानं खरं तेच सांगितलं."

त्या आवाजात राग असता तर मंजुळाने तो पदरात घेतला असता. फाटकाबाहेर बस आली. बायका एकेक करून चढल्या, तुळसा शेवटी. मंजुळाला कुणी अडवलं नव्हतं. पण तुळसाने मागे वळून हाक मारली नाही, आणि तेवढ्या एका हाकेवाचून मंजुळाला पाऊल पुढे टाकवेना. बस गेली तशी ती कचेरीच्या भिंतीला टेकून खाली बसली.