गाडी बंद करू नका

मी एका जुन्या मोटारीचं लॉक बोलतोय. किल्ली घालून गाडी सुरू करतात ना, तेच. म्हणजे आजवर होतो, आता नाही. सध्या किल्लीवाल्याच्या दुकानात एका पत्र्याच्या डब्यात पडलोय. शेजारी मोडक्या कड्या, गंजलेली कुलुपं, दात पडलेल्या किल्ल्या. इथे प्रत्येकाला आपण डब्यात का आलो ते ठाऊक आहे. कुणाला पाणी लागलं, कुणाची दांडी तुटली. मला विचारलं की मात्र माझी पंचाईत होते. मी झिजलो एवढं खरं, पण का झिजलो ते ऐकल्यापासून माझं डोकं जे गरगरतंय ते अजून थांबलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. बोटभर लांबीचा गोल देह, पोटात पितळेच्या चपट्या पट्ट्यांची रांग आणि प्रत्येक पट्टीखाली केसासारखी बारीक स्प्रिंग. योग्य किल्ली आत आली की सगळ्या पट्ट्या मुकाट एका ओळीत बसतात आणि मी फिरतो. परकी किल्ली आली की एखादी तरी पट्टी आडवी येते आणि मी ढिम्म हलत नाही. एवढंच माझं शिक्षण. ओळखीच्याला हो म्हणायचं आणि बाकीच्यांना नाही. इतकी बिनडोक्याची नोकरी आपल्याला मिळाली याचा मला तेव्हा आनंदच झाला होता. माझ्याबरोबर दोन किल्ल्या जन्मल्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं इतक्या सारख्या.

गाडी घेतली ती पडदे शिवणाऱ्या दोघी जणींनी. एक वहिनी आणि दुसरी तिची नणंद. नणंदेचं खरं नाव मी कधी ऐकलंच नाही. चाळिशी ओलांडली तरी घरात तिला सगळे चिंगीच म्हणायचे. चिंगीचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, हा दादा. तो गाडीत बसायचा तो मागे, डोळे मिटून.

दोघी लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायच्या, घरी पडदे शिवायच्या आणि पुन्हा जाऊन टांगून यायच्या. मागची अर्धी सीट पाडलेली, तिच्यावर कापडाचे तागे, पडद्यांचे पाइप, कड्यांच्या पिशव्या. शिडी टपावर. मला माझ्या जागेवरून माणसांचे फक्त गुडघे दिसायचे आणि हात कळायचे. वहिनीचा हात घाईचा. तिची किल्ली एका भल्या मोठ्या जुडग्यात असायची. घराची, कपाटाची, शिवणाच्या खोलीची, सगळं ओझं दिवसभर माझ्या गळ्यात लोंबायचं. चिंगी गाडी क्वचित चालवायची. तिची किल्ली एकटीच, कापडाच्या छोट्या बटव्यातून निघायची. ती किल्ली घालायची, क्षणभर थांबायची आणि मग फिरवायची. कशासाठी थांबायची देव जाणे, पण मला बरं वाटायचं.

गाडीत दोघींची टकळी अखंड चालायची. माणसांचं एक मला कधी उमगलं नाही. समोरासमोर बसून जे बोलायला त्यांची जीभ रेटत नाही, ते गाडीत शेजारी बसून, समोर रस्त्याकडे बघत, सहज बोलून टाकतात.

मग तो दिवस आला. एका गिऱ्हाइकाकडे पडदे टांगून दोघी परत आल्या आणि गाडीत चकार शब्द नाही. बऱ्याच वेळानं चिंगी म्हणाली, "गाडी थांबव."

"इथे? घर लांब आहे अजून."

"थांबव म्हणते ना."

दार उघडलं, दार लागलं. वहिनी किल्लीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. मला वाटलं आता फिरवेल, मग फिरवेल. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा कुठे तिनं गाडी सुरू केली.

त्यानंतर चिंगी आली नाही. काय झालं ते मला दादाच्या तोंडून कळलं, तेही अर्धवट. पडदे वीतभर आखूड निघाले होते. गिऱ्हाईक भडकलं, तेव्हा वहिनीनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं की मापं हिनं घेतली. "अगं, पण चारचौघांत असं बोलायचं?" दादा म्हणाला. वहिनी म्हणाली, "तुम्ही या विषयात पडू नका." दादा पडला नाही. चिंगीनं एका शिंप्याच्या दुकानात काम धरलं म्हणे. आता वीतभर कापड कमी पडल्यानं माणूस गाडीतून उतरून वर्षभर दिसेनासं का होतं, हे मला काही केल्या कळेना.

माझं बिनसलं ते यानंतर. जुडग्यानं आणि हिसक्यांनी मी झिजलो होतोच, वहिनीची किल्लीही झिजली होती. चालू गाडीतून ती सुळकन बाहेर यायची. वहिनी रस्त्यावरच्या माणसाकडून तिची नक्कल करून आणायची, ती बिघडली की त्या नकलेची नक्कल. दर वेळी आत येणारी किल्ली आधीच्यासारखीच, पण जरा कमीच तशी. मी पट्ट्या जुळवता जुळवता रडकुंडीला यायचो. एकदा घाईत वहिनीनं गाडीची समजून कपाटाची किल्ली घातली आणि मी चक्क फिरलो! गाडी सुरू झाली. दादा मागून ओरडला, "अगं, ही तर कपाटाची!" दोघं पोट धरून हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या कामासाठी जन्मलो तेच मला येईनासं झालं होतं. ओळखीच्याला अडवत होतो आणि परक्याला आत घेत होतो.

आणि मग एका सकाळी मी अडलो तो अडलोच. मागे कापड भरलेलं, एका दवाखान्याचे पडदे आणि एका शाळेच्या सभागृहाचा भला मोठा पडदा. दोन्ही कामं त्याच दिवशी द्यायची होती. वहिनीनं किल्ली पुढे केली, मागे केली, फुंकली, पदराला पुसली. शेवटी किल्लीवाल्याला बोलावलं.

किल्लीवाल्यानं माझ्या तोंडात बॅटरी मारली, मग किल्ली उन्हात धरून पाहिली. "बाई, ही किल्ली नाही, किल्लीची आठवण आहे," तो म्हणाला. "लॉकही संपलंय. बदलावं लागेल."

"मग बदला."

"बदलतो. पण जुनं काढायला किल्ली एकदा तरी फिरावी लागते. फिरली की या बारीक भोकातून पिन दाबायची, अख्खं बाहेर येतं. नाही फिरली तर ड्रिल मारायचं. शिवाय या गाडीचं लॉक माझ्याकडे नाही, ते संध्याकाळपर्यंत येईल. मूळची दुसरी किल्ली असेल ना? कमी वापरलेली?"

"हरवली," वहिनी म्हणाली.

"हरवली कुठे?" दादा म्हणाला. "चिंगीकडे आहे की!"

ड्रिल हा शब्द ऐकून माझ्या सगळ्या स्प्रिंगा आखडल्या होत्या. वहिनी बराच वेळ जुडगा खुळखुळवत राहिली.

"फोन करा तिला," शेवटी ती दादाला म्हणाली. "किल्ली पाठवू नकोस म्हणावं. किल्ली घेऊन ये म्हणावं."

दोन्हींत फरक काय, मला समजेना. किल्ली आल्याशी मतलब.

चिंगी आली. तिचे पाय मी ओळखले, पण ते दारापासून लांबच थांबले. ती किल्लीवाल्याला म्हणाली, "यांना सांगा, किल्ली आणलीय."

वहिनीही त्यालाच म्हणाली, "त्यांना विचारा, स्वतः फिरवून बघतील का."

"मी कुलपांची कामं करतो, निरोपांची नाही," किल्लीवाला वैतागला. "कुणीतरी एक जण बसा बघू आत."

चिंगी बसली. बटव्यातून किल्ली निघाली, माझ्यात आली आणि थांबली. किती काळानं धड दात असलेलं कुणीतरी भेटलं होतं! माझ्या पट्ट्या चाचपडत वर आल्या. एक मधेच अडली. मी जीव खाऊन तिला रेटलं. चिंगीनं हलकेच किल्ली फिरवली आणि मी फिरलो. सवयीनं तिनं ती पार शेवटपर्यंत नेली आणि इंजिन सुरू झालं.

"आता बंद करू नका!" किल्लीवाला ओरडला. "एकदा बंद केली की परत फिरेल याचा भरवसा नाही. कापड पोचवायचं असेल तर अशीच चालू ठेवा आणि संध्याकाळी थेट दुकानात आणा. आणि चालू गाडी सोडून दोघी एकदम उतरू नका, कुणीही घेऊन जाईल."

"मी बसलो असतो गं," दादा म्हणाला, "पण मला जरा..."

"तुला हॉर्न वाजला तरी घाम फुटतो," चिंगी म्हणाली, आणि नेमकी त्याच वेळी वहिनी म्हणाली, "तुम्हाला हॉर्न वाजला तरी घाम फुटतो." वहिनी दुसऱ्या बाजूनं येऊन शेजारी बसली.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता पट्टी निसटते. दवाखान्यापाशी वहिनी पडदे घेऊन वर गेली आणि चिंगी चालू गाडीत बसून राहिली. वहिनी आली, गाडी निघाली. शाळेपाशीही तसंच. पण थोड्याच वेळात वहिनी धापा टाकत परत आली.

"चुण्या नीट पडत नाहीयेत."

हे ती कुणाला म्हणाली? गाडीत चिंगीशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"वरून दोन-दोन बोटं सोडून धरायचं," चिंगी समोर बघत म्हणाली.

"तुझ्या हाताला जमतं ते. तू जा वर. मी बसते इथे."

चिंगी गेली. वहिनी स्टिअरिंगमागे बसली. तिनं माझ्यातल्या किल्लीला हात लावला आणि ती दोन बोटांनी नुसती चाचपत राहिली, एकेका दातावरून. कशाला, ते कळलं नाही. किल्ली तर ठीक होती.

संध्याकाळी गाडी दुकानासमोर उभी राहिली. वहिनी स्टिअरिंगवर, चिंगी शेजारी. किल्लीवाला आतून म्हणाला, "आलंय लॉक. किल्ली एकच टप्पा मागे घ्या, इंजिन बंद होईल. पुढचं मी बघतो."

मी तयार होतो. सुटलो एकदाचा, असं वाटत होतं. पण किल्ली कुणी मागे घेईना.

"चिंगे," वहिनी म्हणाली.

"हं."

"त्या खिडक्यांची मापं मी घेतली होती. मापं घ्यायच्या दिवशी तू आलीच नव्हतीस."

"माहीत आहे."

"माहीत होतं? मग तिथेच बोलली का नाहीस?"

"गिऱ्हाइकासमोर तुझं तोंड पाडायचं? मला वाटलं, गाडीत बसल्यावर तू बोलशील. वाट बघत होते मी. तू काही बोललीच नाहीस. मग म्हटलं, थांबव गाडी."

वहिनी म्हणाली, "मला लाज वाटत होती गं. आज बोलू, उद्या बोलू करत राहिले."

"निदान किल्ली मागायला तरी फोन करायचास. इतक्या भंगार किल्ल्यांवर गाडी चालवत होतीस, दादा सांगायचा मला."

"किल्ली कशी मागू?" वहिनी म्हणाली. "किल्ली परत मागितली असती तर तुला वाटलं असतं, हिनं तोडूनच टाकलं."

चिंगी म्हणाली, "मी तेच बघत होते रोज. मागतेस का. जोवर मागत नाहीस तोवर संपलेलं नाही, असं म्हणत होते मी."

आता बघा. म्हणजे बटव्यातली धड किल्ली एकीनं मागितली नाही, दुसरीनं आणून दिली नाही, दोघींनाही तोडायचं नव्हतं, आणि त्यापायी वर्षभर भंगार किल्ल्या रिचवून झिजलो मी! मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट इतकं भरून आलं की पट्टी निसटते की काय अशी भीती वाटली. हे असं का झालं, तेही मला सांगता येत नाही.

"बंद कर ना," चिंगी नाक पुसत म्हणाली. "पेट्रोल जळतंय."

"जळू दे," वहिनी म्हणाली.

आणि दोघी तशाच बसून राहिल्या. इंजिन चालू, चाकं जागच्या जागी. जायचं कुठेच नव्हतं. किल्लीवाल्यानं येऊन काचेवर टकटक केलं, तेव्हा दोघी म्हणाल्या, "पाच मिनिटं." तो कपाळाला हात लावून आत गेला.

शेवटी मला कुणी बंद केलं ते मी खात्रीनं सांगू शकत नाही. आयुष्यभर हात ओळखत आलो, पण त्या वेळी किल्लीवर दोन हात होते. मग पिन दाबली गेली आणि मी अख्खाच्या अख्खा बाहेर आलो.

डब्यात पडण्याआधी टेबलावर नवं लॉक पाहिलं मी, कोरं करकरीत, पिशवीत बांधलेलं. तेव्हा बोलायला सवड मिळाली नाही, म्हणून आता बोलतो. बाळा, वहिनीचा हिसका मनाला लावून घेऊ नकोस. चिंगीचा हात आत येऊन थोडा थांबतो, तेवढा धीर धर. आणि कधी दोघी आत बसून, कुठेही न जाता, गाडी नुसती चालू ठेवून बसल्या, तर त्याला बिघाड समजू नकोस.