मुलीच्या अकरा गायी

लग्नात मुलाकडच्यांनी द्यायचं? ज्ञानचंद शेटजींना वाटलं, आपल्या कानात काहीतरी बिघाड झाला.

अमन त्यांचा एकुलता एक मुलगा, दक्षिण आफ्रिकेत डर्बनला ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरीला. तिथल्या झुलू घरातली नोमुसा त्यानं पसंत केली, तेव्हाच जळगावात भूकंप झाला होता. दोन महिने रडारड, अबोला, सगळं झालं. शेवटी पोरापुढे आईबापाचं काय चालतं! आधी आई राजकुंवरबाई विरघळल्या, मागून शेटजीही. त्यांच्यात लग्नाची बोलणी काका करतात, म्हणून आता नोमुसाच्या काकांचा होकार तेवढा हवा होता. काका नाही म्हणाले तर नोमुसा लग्न करणार नव्हती, हे अमननं बजावून सांगितलं होतं.

रविवारी टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावला. धुळ्याला दिलेली लेक चेलना खास आली. पलीकडे सूट घातलेले काका, मागे दोन बायका, मध्ये दुभाष्या म्हणून अमन. काका मात्र बोलेचनात.

"पप्पा, आधी त्यांना तोंड उघडायची भेट द्यावी लागते," अमन म्हणाला.

"अगं बाई! बोलायचेसुद्धा पैसे?" राजकुंवरबाईंनी कपाळाला हात लावला.

भेट कबूल झाली, काकांचं तोंड उघडलं आणि त्यातून निघाल्या अकरा गायी! शेटजी पाणी प्यायले. मग हात जोडून म्हणाले, "गायी देतो, पण कापायच्या नाहीत. आम्ही जैन आहोत."

काका खो खो हसले. "माझ्या बापानं लग्नात सासरी गुरं हाकत नेली होती. आता शहरात गाय नुसती नावाला, पैसे बँकेत जातात. याला लोबोला म्हणतात. मुलीला वाढवणाऱ्यांचा तो मान."

डाळीच्या व्यापारात जन्म गेला, तरी शेटजींनी घासाघीस केली नाही. "दिल्या!" राजकुंवरबाईंचे डोळे भरून आले. जमलं बाई एकदाचं!

काकांनी चेलनाकडे बघून कौतुकानं विचारलं, "हिच्या किती गायी आल्या?"

झालं! शेटजींची छाती फुगली. "आल्या कसल्या? आम्हीच दिलं! गाडी, सोनं, धुळ्यात फ्लॅट. सगळ्या समाजात नाव झालं!"

"पप्पा, हे नको सांगू या," अमन कुजबुजला.

"सांग की! कळू दे आपण कोण ते."

अमननं सांगितलं. काकांचं हसू मावळलं. मागच्या बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"मुलगी आजारी होती?" काकांनी विचारलं.

"छे हो!"

"काही खोड?"

"एम.कॉम. आहे ती! पहिल्या वर्गात!" शेटजींचा आवाज चढला.

"मग तिला न्यावं म्हणून उलट तुम्हालाच का द्यावं लागलं?"

शेटजी चेलनाकडे वळले. काकांनी मान हलवली. "जिथं स्वतःच्या लेकीला मान नाही, तिथं आमची मुलगी कशी पाठवू? गायी राहू द्या."

कॉल तुटला.

"समजतो कोण स्वतःला!" शेटजी ओरडले. "आपल्यात रीत असते, त्याला काय कळणार? तू तरी सांग, चेलना!"

चेलना टीव्हीच्या काळ्या पडद्याकडेच बघत होती.

"मी काय सांगू, पप्पा? त्यांनी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "आता मी विचारते. का द्यावं लागलं?"